घोडी, राळ आणि केस

पहिल्या दिवशी व्हायोलिनच्या क्लासच्या दारात तिघं उभी असतात: मूल, पालक आणि काळी केस. मुलाची तयारी जय्यत असते. भांग पाडलेला असतो. "सर विचारतील त्याचं नीट उत्तर द्यायचं" हे सात वेळा सांगून झालेलं असतं. कुठल्याशा व्हिडिओवरून बसवलेली चार सुरांची करामत "दाखव ना सरांना" एवढ्या इशाऱ्यासाठी थांबलेली असते. पालकही फोन शंभर टक्के चार्ज करून आलेले असतात. तयारी नसते ती फक्त केसमधल्या ऐवजाची. तारा लोंबताहेत, तारांखालची घोडी आडवी पडली आहे, वाजवायच्या गजाला राळेचा कण लागलेला नाही, आणि माप असं, की मुलाने व्हायोलिन धरलंय की व्हायोलिनने मुलाला, हे लांबून सांगता येऊ नये.

आम्हा शिकवणाऱ्यांचं दुःख थोडक्यात हे. जिला हात लावायला हवा ती वस्तू आठवडाभर कोपऱ्यात पडून असते, आणि ज्याला मोकळं सोडायला हवं त्या जिवाला आठवडाभर घोटलेलं असतं. मूल काहीही न येता आलं तर आमची तक्रार नाही, त्यासाठीच तर ते येतंय. पण व्हायोलिन न जुळवता आलं, की तीस मिनिटांच्या क्लासमधली वीस मिनिटं आम्ही खुंट्या पिळत बसतो. तेवढ्यात मूल खोलीतल्या पंख्याची पाती मोजून मोकळं होतं.

म्हणून माझा हट्ट असा, की तयारी केसची करा आणि मुलाला सुखाने झोपू द्या.

सुरुवात मापापासून. व्हायोलिनची मापं अपूर्णांकांत येतात: १/१६, १/१०, १/८, १/४, १/२, ३/४ आणि पूर्ण, म्हणजे ४/४. हे अपूर्णांक ज्याने ठरवले त्याचं आणि गणिताचं फारसं बरं नसावं. पूर्ण मापाच्या व्हायोलिनचं धड, म्हणजे मान सोडून उरलेला भाग, साधारण ३५.५ सेंटिमीटर लांब असतं. मग अर्धं व्हायोलिन पावणेअठरा सेंटिमीटरचं असायला हवं की नाही? ते असतं ३१-३२ सेंटिमीटरचं. पाव व्हायोलिन २८ च्या आसपास भरतं, म्हणजे लांबीने पाऊण होऊन वर थोडं उरतं. शाळेत नुकतेच अपूर्णांक शिकलेल्या मुलापासून ही गोष्ट लपवलेली बरी.

तेव्हा "सहा वर्षांची आहे, म्हणजे अर्धं पुरे" हा हिशेब सोडून द्या. वयावर माप ठरत नाही, हातावर ठरतं. मुलाला ताठ उभं करायचं, डावा हात खांद्याच्या रेषेत बाजूला पसरायचा, तळहात वर. मानेच्या बुडापासून तळहाताच्या मध्यापर्यंत शिवणकामाची टेप लावायची. ३६ सेंटिमीटरच्या आसपास आलं तर १/१६, ४२-४३ आलं तर १/८, ४६ ला १/४, ५१ ला १/२, ५५-५६ ला ३/४ आणि ५८ च्या पुढे पूर्ण. तक्त्यातक्त्यांत एखाद-दोन सेंटिमीटरचं भांडण असतं, त्यामुळे शेवटचा निकाल अंगावर धरूनच लावायचा. व्हायोलिन डाव्या खांद्यावर ठेवलं, की डाव्या हाताच्या बोटांनी पुढच्या गोल वळशाला सहज कवेत घेता आलं पाहिजे, आणि तरीही कोपर थोडं वाकलेलं राहिलं पाहिजे. हात सरळ दांड्यासारखा झाला, की माप मोठं.

मोजताना मूल हमखास गुदगुल्या होतात म्हणून हात आखडून घेतं आणि माप दोन सेंटिमीटरने कमी भरतं. मग "पुन्हा उभा राहा" म्हटलं, की फुशारकीने हात ताणतं, खांदाच पुढे ढकलतं आणि माप तीनने वाढतं. तीनदा मोजा आणि मधला आकडा धरा.

एवढं करून आकडा दोन मापांच्या बरोबर मध्ये येतो, आणि मग घरातलं ज्येष्ठ माणूस ते ऐतिहासिक वाक्य उच्चारतं: "वाढतं अंग आहे, जरा मोठंच घ्या." गणवेशाला हे चालतं, पँटची शिलाई दुमडता येते. व्हायोलिनची मान दुमडता येत नाही. मोठं व्हायोलिन पेलण्यासाठी मूल खांदा कानापर्यंत चढवतं, डावं कोपर बरगड्यांना टेकवतं आणि मनगट आत मोडतं. ही सवय लागायला दोन आठवडे लागतात. सुटायला किती लागतात ते आम्हाला विचारू नका, दुखरी जागा आहे. दोन मापांच्या मध्ये असाल तर लहान घ्या. भाड्याने मिळत असेल तर भाड्याने घ्या, कारण अंग वाढतं हे ज्येष्ठांचं म्हणणं खरंच आहे आणि हे माप दोन-एक वर्षांत जायचंच आहे.

आता केस उघडू. आणि उघडण्याआधी ती कुठल्या बाजूने उघडते ते बघा. पुष्कळ केसेस वरून-खालून सारख्याच काळ्या असतात. उलटी ठेवून चेन काढली, की झाकण खाली राहतं, व्हायोलिन वर येतं आणि मग तेही खाली येतं. झाकणाच्या बाजूला एक रंगीत फीत किंवा स्टिकर चिकटवा. पहिल्या क्लासच्या तयारीतलं हे सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत मोलाचं काम. स्टिकर कुठला लावायचा हे मुलाला ठरवू द्या, म्हणजे निदान एका बाबतीत त्याचं मत विचारल्यासारखं होईल.

आत चार तारा असतात. जाडीपासून बारकीपर्यंत जी, डी, ए, ई. कंपनांच्या भाषेत सेकंदाला १९६, २९४, ४४० आणि ६५९. यातला ४४० चा ए हा आयएसओ १६ या आंतरराष्ट्रीय मानकात बसवलेला आहे, त्यामुळे त्याबाबत मतस्वातंत्र्य नाही. फोनवर ट्यूनर उतरवून घेतला, की आपल्याला हे जमणार असं प्रत्येक पालकाला वाटतं, आणि इथेच घोडं पेंड खातं. ट्यूनर अक्षर दाखवतो आणि अक्षराशेजारी सप्तक सांगणारा एक बारीक आकडाही दाखवतो. अक्षर सगळे बघतात, आकडा कुणी बघत नाही. ई तार सैल असताना एका सप्तकाखालचा ई लागला, की पडदा हिरवा होतो आणि बाबा खूष. तार मात्र अजून कपडे वाळत घालण्याच्या दोरीसारखी झुलत असते. उलट कुणी डी-ची तार पिळत पिळत पुढच्या ए-ला नेऊन पोचवतं. हवेत ते जी३, डी४, ए४, ई५. आकडा जुळल्याशिवाय हिरव्या रंगावर विश्वास ठेवू नये.

खुंट्यांचं शास्त्र वेगळंच आहे. खुंटी निमुळती असते आणि भोकात फक्त घासून, रुतून उभी राहते. तिला आटे नाहीत, स्क्रू नाही. नुसती फिरवली तर ती मागे सरकते आणि 'कर्रर्र' करत सगळी तार सोडून देते. म्हणून फिरवता फिरवता तिला आतल्या बाजूला दाबायचं, बाटलीला बूच लावतो तसं. एका वेळी किती फिरवायची? घड्याळाचा मिनिटकाटा दोन-तीन मिनिटांत सरकेल तेवढीच. हवा कोरडी झाली की लाकूड आक्रसतं आणि खुंट्या निसटतात, दमट झाली की फुगतं आणि खुंट्या हलायला तयार नसतात. थोडक्यात, खुंट्यांना कुठलंच हवामान मानवत नाही. सूर नेहमी खालून वर न्यायचा. वर निघून गेलात तर थोडं खाली उतरून पुन्हा चढायचं. आणि ई तार चढवताना तोंड तिच्यावर आणू नका. ती सगळ्यांत बारीक आणि सगळ्यांत शीघ्रकोपी.

दुसऱ्या टोकाला, तारा अडकवलेल्या पट्टीवर, बारीक गोल स्क्रू असतात. त्यांना फाइन ट्यूनर म्हणतात. मुलांच्या व्हायोलिनला हे चारही तारांना असावेत. खुंटीने सूर जवळपास आणायचा आणि शेवटचा केसभर फरक इथे काढायचा. पण पालकांना एकदा ही सोय सापडली, की ते खुंटीकडे ढुंकून बघत नाहीत. स्क्रू पिळत पिळत तळाला जातो, त्याच्या खालचा लोखंडी दांडा व्हायोलिनच्या पोटाला टेकतो आणि लाकडावर ओरखडा काढतो. स्क्रू तळाला आला की तो पूर्ण सैल करायचा आणि पुन्हा खुंटीकडे जायचं.

आता घोडी. तारांखाली उभा असलेला नक्षीदार लाकडी तुकडा म्हणजे ब्रिज, आपल्याकडची घोडी. ती चिकटवलेली नसते, हे सांगितल्यावर निम्म्या पालकांचे चेहरे बदलतात. तारांच्या दाबावर ती उभी असते. नवीन व्हायोलिन बहुतेक वेळा घोडी काढून, कागदात गुंडाळून येतं, आणि मग "हा काय सुटा भाग आलाय?" म्हणून कुणी गोंद शोधायला लागतं. गोंद नको! पोटावर दोन्ही बाजूंना इंग्रजी 'एफ'च्या आकाराची भोकं असतात. त्या भोकांना आतल्या अंगाला बारीक खाचा असतात, त्या दोन खाचांना जोडणाऱ्या रेषेवर घोडी उभी राहते. तिची एक बाजू बुटकी असते, ती बारक्या ई तारेकडे. उलटी लावली, की जाडी तार मानेवरच्या पट्टीला, जिथे बोटं टेकतात तिला, चिकटते आणि बारकी आभाळात जाते. तारा ताणताना घोडी हळूहळू खुंट्यांच्या दिशेने झुकत जाते. दर दोन-तीन पिळांनंतर बाजूने बघायचं. तारा अडकवलेल्या पट्टीकडचा तिचा चेहरा पोटाशी काटकोनात हवा. झुकली असेल तर दोन्ही हातांच्या बोटांत वरचे कोपरे धरून अलगद मागे आणायची. दुर्लक्ष केलंत तर भर क्लासमध्ये ती 'फाट' असा आवाज करून आडवी होते. त्या आवाजाने मूल दचकतं आणि पालक मुलाकडे "काय केलंस?" म्हणून बघतात. त्याने काही केलेलं नसतं. दोन दिवस घोडी वाकत होती, बघितलं कुणी नाही.

घोडीखाली, पोटाच्या आत, आणखी एक काडी उभी असते. तिला साउंड पोस्ट म्हणतात. फ्रेंच आणि इटालियन लोक तिला 'आत्मा' म्हणतात. हा आत्माही चिकटवलेला नाही, वरच्या आणि खालच्या लाकडात दाबून उभा आहे. चारही तारा एकदम काढल्या तर दाब जातो आणि आत्मा धारातीर्थी पडतो. व्हायोलिन हलवल्यावर आत काही खुळखुळलं, की समजावं. मग तारा ताणायच्या नाहीत, थेट दुरुस्ती करणाऱ्याकडे न्यायचं. म्हणून तारा बदलायच्या तर एका वेळी एकच. चारही सोडून, आतून-बाहेरून झकास पुसून, मग नव्या लावू, हा साफसफाईतला उत्साह इथे आत्मघातकी ठरतो, अगदी शब्दशः.

एक गोष्ट सांगायची राहिली. वर दिलेला जी-डी-ए-ई हा हिशेब पाश्चात्य पद्धतीचा. मांडी घालून, व्हायोलिनचं टोक उजव्या पायाच्या घोट्यावर टेकवून रागसंगीत शिकवणारे शिक्षक असतील तर तारा सा-प-सा-प अशा काही जुळणीत लावतात, आणि सा कुठला ते तेच ठरवतात. तिथे खांद्यावरचा आधार लागत नाही, पण ढगळ पायजमा लागतो. नाव नोंदवतानाच विचारून घ्या. घट्ट जीन्समध्ये मांडी घालून बसलेलं मूल पहिल्या पाच मिनिटांत पायाला आलेल्या मुंग्यांशीच वाजवायला लागतं.

मग गज. हल्ली सगळे बो म्हणतात. मला हरकत नाही, पण बो-ला विभक्ती लावली की 'बोला' होतं, आणि पहिल्या दिवशी क्लासमध्ये बोलणारे आधीच पुष्कळ असतात. म्हणून मी गज म्हणतो.

गजाला घोड्याच्या शेपटीचे दीडशेच्या आसपास केस लावलेले असतात. म्हणजे केसमध्ये केस, आणि हे केस घोडीच्या जवळून फिरवायचे. मुलांना हे सांगितलं की ती खूष होतात आणि लगेच केसांना हात लावतात. तेवढंच करायचं नसतं. त्वचेचा तेलकटपणा केसांना लागला, की त्या जागी राळ धरत नाही आणि गज तिथे तारेवरून मुकाट घसरतो. दर वेळी तिथेच आवाज गायब. गज कसा धरायचा ते शिकण्याआधी गज कुठे धरायचा नाही ते शिकावं लागतं.

केस ताणण्याचा स्क्रू गजाच्या बुडाला असतो. किती ताणायचा? मध्यभागी लाकूड आणि केस यांच्यात एक पेन्सिल बसेल इतकाच. लाकडाची आतल्या बाजूची कमान तशीच दिसली पाहिजे. ती कमान सरळ झाली, की तुम्ही व्हायोलिनचा गज सोडून धनुष्यबाण तयार केलात, आणि मुलाच्या डोळ्यांत ते लगेच दिसतं. वाजवून झालं की स्क्रू सैल करायचा. रोज ताणलेला राहिला तर लाकूड कायमचं वाकतं.

आणि आता राळ, दुकानातलं नाव रोझिन. नवा गज आणि नवी राळ एकत्र आले, की घरात एक मोठा घोटाळा होतो. मूल तारेवर गज ओढतं आणि काहीच वाजत नाही. खरंच काही नाही, कागदावर कागद घासल्यासारखी एक हिस्स. मग बाबा ओढून बघतात. हिस्स. आई ओढते. हिस्स. शेवटी बंद पडलेलं व्हायोलिन आल्याची तक्रार करायला कुणी तरी फोन उचलतं. व्हायोलिन ठणठणीत असतं. केस तारेला धरतात, तार थोडी सोबत ओढली जाते, मग निसटते, पुन्हा धरली जाते. ए तारेवर हे एका सेकंदात ४४० वेळा होतं. गजाखालच्या तारेची ही चाल हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात शोधून काढली. धरण्याचं काम राळ करते. राळ नाही तर धर नाही, धर नाही तर सूर नाही.

पण राळेची नवी वडी काचेसारखी गुळगुळीत असते आणि नवे केसही गुळगुळीत असतात. गुळगुळीतावर गुळगुळीत घासून काय होणार? बारीक सँडपेपरने वडीचा पृष्ठभाग आधी खरवडून पांढुरका करायचा. मग गज बुडापासून टोकापर्यंत सावकाश, पूर्ण लांबीने ओढायचा. पहिल्या वेळी तीस-चाळीस ओढण्या तरी होऊ द्या. मध्ये तारेवर लावून बघायचं, सूर धरला की थांबायचं. त्यानंतर रोजच्या सरावाआधी तीन-चार ओढण्या पुरतात. ही मोठ्यांची कामं आहेत, आदल्या संध्याकाळी करून टाकावीत, कारण मुलाला राळ लावायला अतोनात आवडतं. त्याच्या हाती दिली तर ते रोज चाळीस वेळा लावेल, गज तारेला टेकताच पांढरा धुरळा उठेल आणि आवाज खरखरीत येईल. राळ उडवणे म्हणतात ते हेच, फक्त इथे कुणाची बदनामी होत नाही. वाजवून झाल्यावर तारांवरची आणि पोटावरची भुकटी कोरड्या, मऊ फडक्याने पुसायची. ओल्या फडक्याने नाही, स्पिरिटने तर नाहीच, त्याने वॉर्निश जातं. वडी हातातून फरशीवर पडली तर तिचे काचेसारखे तुकडे होतात, म्हणून ती तिच्या डबीतच राहू द्या.

वस्तूंची तयारी झाली. मुलाची आता फारशी उरलेली नाही. डाव्या हाताची नखं कापा. बोटाचं टोक तारेवर उभं पडायला हवं. नख वाढलेलं असेल तर आधी नख टेकतं, बोट आडवं होतं आणि शेजारच्या तारेला लागतं. पण नखं आदल्या दिवशी कापा. क्लासच्या दारात, चपला काढता काढता कापली तर ती जिव्हाळी लागेपर्यंत कापली जातात, आणि मग पहिला सूर मुलाच्या गळ्यातून निघतो. मानेशी कॉलर, टोपीवाला स्वेटर, छातीवर मोठी बटणं किंवा चेन नको. हनुवटी आणि व्हायोलिन यांच्यामध्ये काहीही आलं की ते घसरतं, आणि धातूची चेन वॉर्निश खरवडते. लांब केस मागे बांधा. हो, हे डोक्यावरचे केस. ते गजाच्या केसांत अडकले की सोडवणाऱ्याला आधी कुठले कुणाचे ते ठरवावं लागतं. हात धुऊन कोरडे करा. निघायच्या आधी बाथरूमला पाठवा. "आली नाहीये" असं मूल म्हणेल. तरी पाठवा.

घरी काही शिकवायचं का? नको. व्हिडिओ बघून मुलं गज मुठीत धरतात, क्रिकेटच्या स्टंपसारखा. अंगठा सरळ आणि ताठ, करंगळी हवेत. त्या मुठीने एखादी धून बसलेली असेल तर ती मूठ सोडवणं म्हणजे धूनच हिसकावून घेणं, आणि मूल स्वाभाविकच आम्हाला शत्रू समजतं. फार हौस असेल तर पेन्सिल द्या, गज नव्हे. अंगठा वाकवून, बाकीची बोटं सैल सोडून ती नुसती धरायची, आणि खोलीभर चालून यायचं. टाळ्या वाजवत एक-दोन-तीन-चार मोजा, चौथी टाळी विसरू न देता. व्हायोलिनच्या तारा बोटाने छेडायला हरकत नाही, मुलाला चार तारांचे चार वेगळे आवाज कळले तर उत्तम.

त्याहून हौस असेल तर पुठ्ठ्याचा खोका घ्या. जपानचे व्हायोलिनवादक शिनिची सुझुकी (१८९८–१९९८) यांनी लहान मुलांना शिकवण्याची जी पद्धत रूढ केली, तिच्या पुष्कळ वर्गांत मुलाच्या खांद्यावर आधी खोकाच येतो. तीसेक सेंटिमीटरची फूटपट्टी मानेच्या जागी टेपने चिकटवायची, खाली स्पंजचा तुकडा लावायचा. मग हनुवटी आणि खांदा यांच्यामध्ये तो धरून, हात न लावता, दहापर्यंत मोजायचं. खोका पडतो, मूल हसतं, पुन्हा धरतं. पाच-पन्नास वेळा पडला तरी कुणाच्या काळजाचा ठोका चुकत नाही, हा त्याचा मुख्य गुण. त्याच पद्धतीत आणखी एक गोष्ट आहे, ती पालकांना सांगितली की ते घड्याळात बघायला लागतात: आधी पालकाने व्हायोलिन धरायला शिकायचं आणि मुलाने बघत बसायचं. मुलाला ते हवंसं वाटावं म्हणून.

एवढ्या तयारीनंतर पहिल्या क्लासला होतं काय? केस जमिनीवर ठेवायची, स्टिकर वर. चेन पूर्ण उघडायची, अर्धी नाही. आधी खांद्याचा आधार लावायचा, मग गज ताणायचा. मोठ्या कागदावर मुलाला उभं करून पावलांभोवती पेन्सिल फिरवायची, म्हणजे उद्या घरी त्याच खुणांवर उभं राहता येईल. मान, पोट, खुंटी, घोडी अशी नावं. काखेत व्हायोलिन धरून वाकून नमस्कार. तारा छेडणं. शेवटी, मूड असेल तर, मोकळ्या ए तारेवर गजाच्या मधल्या भागाने चार ओढण्या. त्या चार ओढण्यांत गज घोडीकडून मानेवरच्या पट्टीकडे घसरतो, दाब कमी-जास्त होतो, आणि जो आवाज येतो तो बंद दाराखाली सापडलेल्या मांजराचा असतो. खोलीच्या कोपऱ्यात बसलेल्या पालकांच्या कपाळावर आठी येते. त्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की मुलाचा डावा कान त्या आवाजापासून वीतभरही लांब नाही, आणि त्याचा चेहरा मात्र फुललेला आहे.

पालकांनी कोपऱ्यातच बसावं. "सरळ धर रे", "कोपर, कोपर" असं कुजबुजू नये. मुलाला एकाच वेळी दोन सर झाले की ते तिसरीकडे बघतं. वहीत दोनच ओळी लिहाव्यात: घरी काय करायचं आणि किती मिनिटं. उत्तर बहुधा "पाच" असतं. पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. रविवारी एकदम सत्तर मिनिटं हा त्याचा पर्याय नाही, जरी बेरीज तेवढीच येत असली तरी. अपूर्णांकांचं काय झालं ते आपण पाहिलंच आहे.

बाहेर पडताना गज सैल केलाय का, राळेची डबी आत गेली का आणि चेन शेवटपर्यंत लागली का, हे तिन्ही बघायचं. अर्धी चेन लावलेली केस मूल हँडल धरून ऐटीत उचलतं, आणि पुढचं मी वर्णन करत नाही. गाडीत उन्हात ठेवू नका, खिडकीशी ठेवू नका. कपाटाच्या वर तर मुळीच नको; जी वस्तू काढायला स्टूल लागतं तिचा सराव होत नाही.

मग जिन्यातच प्रश्न येतो, "काय शिकवलं आज?" आणि मूल सांगतं, "केस उघडायला आणि बंद करायला." पालकांच्या चेहऱ्यावर फीचा हिशेब उमटतो.

रात्री मूल झोपलं, की घरातलं कुणी ना कुणी दबक्या पावलांनी केसपाशी जातं. स्टिकर वर आहे ना ते बघतं, चेन काढतं, १/४ मापाचं ते एवढंसं व्हायोलिन आपल्या भल्याथोरल्या खांद्यावर चढवतं, सैल गज तसाच उचलतं आणि केस नीट आहेत ना म्हणून त्यांवरून बोटं फिरवतं. मग ए तारेवर ओढतं. हिस्स.

आतल्या खोलीतून झोपाळलेला आवाज येतो, "बाबा, आधी पेन्सिलीएवढा ताणायचा. आणि केसांना हात नाही लावायचा."